मुराळ्याचा पटका

आता आमच्या गावात बाजरीची मळणी यंत्रावर होते. एका तोंडाने कणसं घालायची, दुसऱ्या तोंडाने दाणे घ्यायचे, आणि अर्ध्या गावावर भुसाचा धुरळा बसतो. आमच्या सुनेला त्याचा फार त्रास. ती खिडक्या लावून घेते, भांडी झाकून ठेवते आणि मला म्हणते, "आत या, खोकला होईल." मी जात नाही. बाजरीचं भूस मानेवर बसलं की जी बारीक खाज सुटते ती मला हवी असते. ती सुटली की दिवाळी जवळ आली असं मी समजते. आणि दिवाळी जवळ आली की मला माझा भाऊ दिसायला लागतो, डोक्याला गुलाबी पटका बांधून अंगणाच्या तोंडाशी उभा असलेला.

त्याचं नाव भिवा. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. गावाने त्याचं नाव मुका ठेवलं होतं. भिवा म्हणायचो आई आणि मी, आणि कोणी मुका म्हटलं की भांडायचो. ज्या नावासाठी आम्ही भांडत होतो ते त्याला एकदाही ऐकू आलं नाही, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं जावी लागली. तोवर भांडायची सवय पडून गेली होती.

आमचं माहेर पाथर्डीकडच्या कोरड्या भागातलं. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर तीही नाही. भादव्यात कणसात दाणा भरायला लागला की शेतात माळा उभा राहायचा. चार मेढी रोवायच्या, वर फळ्या टाकायच्या, सावलीला थोडं गवत. राखणीचे ते दिवस भिवा माळ्यावरच असायचा. दिवसा पाखरं, रात्री डुकरं. चिमण्यांचा थवा उतरला की तो दोन्ही हात वर करून ओरडायचा आणि गोफण फिरवायचा. त्याचं ओरडणं घशातून यायचं, हाऽऽ आणि होऽऽ यांच्या मधलं काहीतरी. गावात त्याने तसा आवाज काढला की पोरं दगड मारायची आणि बाया पदर तोंडाला लावायच्या. माळ्यावर तो आवाज चालून जायचा. कारण पाखरं हाकलताना शहाणीसुरती माणसंही तेच करतात, हाऽऽ हो, हाऽऽ हो. शब्द कोणीच वापरत नाही. तेवढे दिवस माझा भाऊ चारचौघांसारखा असायचा. म्हणूनच आईला बाजरीचे दिवस आवडत असावेत. ती तसं बोलली नाही कधी, पण त्याची भाकरी ती स्वतः माळ्यावर घेऊन जायची, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही.

आमच्या घरात दोन भाषा होत्या. एक तोंडाची आणि एक हाताची. हाताची कोणी शिकवली नव्हती. भिवाने आणि आईने ती गरज पडेल तशी केली होती, आणि त्यांचं बघून मी शिकले. कपाळाच्या मधोमध अंगठा टेकवला की आई, कारण आईचं कुंकू चांगलं मोठं असायचं. पुढे वडील वारले आणि तिचं कपाळ रिकामं झालं, पण भिवाने खूण बदलली नाही. गावाच्या लेखी ती विधवा होती. याच्या हातात ती शेवटपर्यंत सवाष्ण राहिली. मानेमागे मूठ धरून खाली ओढली की मी, कारण लहानपणी तो माझी वेणी धरून मागे मागे चालायचा. छातीवर हाताची घडी म्हणजे तात्या, आमचे चुलते. ते नेहमी तसेच उभे असायचे.

वडील वारले तेव्हा त्याला कळण्याचं वय होतं. अंगणात तिरडी बांधताना त्याने पाहिली, वडिलांचं तोंड पाहिलं. नंतर त्याने आपणहून एक खूण काढली. डोळे मिटायचे आणि मान एका खांद्यावर टाकायची. म्हणजे मेलं. बैल मेला, शेजारची म्हातारी मेली, की तो डोळे मिटून मान टाकून दाखवायचा. आईला ते बघवायचं नाही. "तसं करू ने रं," म्हणत ती त्याची मान दोन्ही हातांनी धरून सरळ करायची. ते शब्द त्याला ऐकू यायचे नाहीत, पण हात कळायचे.

माझं लग्न झालं तेव्हा दुसरी एक खूण आली. माझी गाडी गावाबाहेरच्या टेकाडावर चढली आणि पलीकडे उतरली. भिवा गावाच्या तोंडाशीच उभा होता, उन्हं कलेपर्यंत. मग घरी येऊन त्याने आईसमोर वेणी ओढली, तळहात सपाट धरून पुढे पुढे नेला आणि शेवटी खाली बुडवला. ताई टेकाडापलीकडे उतरली. "व्हय बाबा, गेली," आई म्हणाली. तेव्हापासून ती 'गेली'ची खूण झाली. आईनेच मला हे पुढे सांगितलं, आणि सांगताना तिचाही हात तसाच गेला.

माझं सासर नगरच्या बाजूला. करंजीचा घाट ओलांडून यायचं, चालत पुरा दिवस जाई. नवरा शाळामास्तर. मला लिहायला-वाचायला त्यांनी शिकवलं, आणि पुढे मीही मास्तरीण झाले, पण ते वेगळं. घरात चालायचं ते आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्या फार बोलत नसत, आणि एकदा बोलल्या की ते बदलत नसे. मला त्यांचा धाक होता, असं म्हटलं तर ते कमीच होईल.

आमच्याकडे सासरी गेलेली मुलगी दिवाळीला आपली आपण उठून माहेरी जात नाही. न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. शक्यतो पाठचा भाऊ. डोक्याला धुतलेला पटका, काखेत गाठोडं, गाठोड्यात बहिणीसाठी एखादा खण. सासूने त्याच्या पायावर पाणी घालायचं, गोडाचं जेवू घालायचं, आणि मग विचारायचं, काय काम काढलं. त्याने म्हणायचं, बहिणीला न्यायला आलोय. सासूने आधी नाही म्हणायचं. सुगी पडलीय, माणूसबळ नाही. मुराळ्याने विनवायचं. मग सासू हो म्हणते. हे सगळं ठरल्यासारखं असतं, तरी तेवढा वेळ चुलीपाशी बसलेल्या सुनेचा जीव टांगणीला लागतो. कारण एखादी सासू खरंच नाही म्हणते, आणि मग वर्षभर काही करता येत नाही.

माझ्या पहिल्या दिवाळीला तात्या आईला म्हणाले होते, "मुका जाऊन काय बोलनार तिथं? माझ्या थोरल्याला धाडतो." आई म्हणाली, "पाठचा भाऊ असताना चुलतभाऊ कशाला?" तिने वडिलांचा ठेवणीतला गुलाबी पटका काढला आणि स्वतःच्या हाताने भिवाला बांधला. आमच्या गावची एक बैलगाडी नगरच्या बाजाराला निघाली होती, तिच्यात त्याला बसवून दिलं. एकदा पाहिलेली वाट तो विसरत नसे.

तो आमच्या अंगणात आला तेव्हा मी दाराआड होते. आत्याबाईंनी पाणी घातलं, जेवू घातलं, आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय पाव्हनं, काय काम काढलं?" भिवाने मानेमागची वेणी ओढली. मग स्वतःच्या पटक्याभोवती बोट गोल फिरवलं. मग हात टेकाडापलीकडून अलीकडे आणला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, "मुराळी म्हनून आलोय म्हनतो."

"आत्ता न्हाई धाडायची," आत्याबाई म्हणाल्या. "सुगी पडलीय." भिवा हसला. त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "न्हाई धाडायची म्हनते मी." तो आणखी हसला आणि मान डोलावली. आत्याबाई बहिऱ्याशी ओरडून बोलून पाहणाऱ्यांतल्या होत्या. बऱ्याच वेळाने दमून मला म्हणाल्या, "ह्याला न्हाई म्हनायचं कसं गं?" मला ती खूण येत होती. मी शिकवली नाही. त्या दिवाळीला मी माहेरी गेले, आणि पुढच्याही दोन-तीन.

मला सांगायची आहे ती सुगी त्यानंतरची. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, नगरच्या अंगाने विमानं जायची. त्या वर्षी बाजरी मात्र अशी आली होती की माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. आणि भादव्यात निरोप आला, आईला ताप आहे, लवकर या. आम्ही गाडी जुंपून निघालो. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आदल्या दिवशीच. अंगण सारवून झालं होतं, चुलीला राख नव्हती.

मी विचारलं, भिवा कुठे आहे. तात्या म्हणाले, "माळ्यावर." मी विचारलं, आईला अग्नी कोणी दिला. तात्या म्हणाले, "मी दिला. मुक्याच्या हातचा चालत न्हाई. आन पाखरं लई पडलीत, राखन कोन करनार?" त्यांनी हे रागाने सांगितलं नाही, जशी रीत असते तसं सांगितलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पोटचा मुलगा हाकेच्या अंतरावर शेतात होता, आणि त्याला हाक ऐकू येत नव्हती, म्हणून कोणी जाऊन हाताला धरूनही आणलं नाही.

मी शेतात गेले. मला पाहून तो माळ्यावरून उतरला, उतरला म्हणजे उडीच टाकली. त्याने वेणी ओढली, हसला. मग कपाळाला अंगठा लावला आणि हात हलवला. आई कुठे? कितीतरी दिवस भाकरी काकू आणत होती, आई आली नव्हती. तेवढंच त्याला माहीत होतं.

मला त्याची खूण येत होती. डोळे मिटायचे आणि मान खांद्यावर टाकायची, बस. पण माझी मान हलेना. आपल्यात आईबापाला मेले म्हणत नाहीत. जनावर मरतं, वैरी मरतो. आपलं माणूस जातं. आई गेली, असं आपण म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळतं. मीही तेच म्हणाले. कपाळाला अंगठा लावला, तळहात पुढे नेला आणि टेकाडापलीकडे उतरवला. आई गेली.

भिवाने माझ्या हाताकडे पाहिलं. थोडा विचार केल्यासारखं केलं, मान डोलावली आणि परत माळ्यावर चढला. डोळ्यांतून टिपूस नाही. मी खाली बांधावर बसून रडले, आणि वर तो गोफण फिरवत होता. नंतर बाया म्हणाल्या, "मुक्याला कसलं दुख गं." मला त्यांचा राग आला, पण मलाही कोडं पडलं होतं. ज्याचं सगळं जग त्या एका बाईच्या हातात होतं, तो असा कसा राहिला?

आईचे दिवस झाल्यावर मी तात्यांना विचारलं, "भिवाचं काय?" ते हाताची घडी घालून उभे होते. "काय म्हंजी? खाईल, राखन करील. मुक्याला काय लागतं?" काकू दुसरीकडे पाहत होती. भिवाची हाताची भाषा त्या घरात कोणालाही येत नव्हती. तो जेवेल, झोपेल, काम करेल, आणि मरेपर्यंत कोणाशी एक वाक्य बोलणार नाही. मला त्याला घेऊन यायचं होतं. पण भाऊ बहिणीच्या घरी दिवाळीचे चार दिवस शोभतो. पाचव्या दिवशी लोक विचारायला लागतात.

परतीच्या वाटेवर घाटात मी मास्तरांना म्हटलं, त्याला आपल्याकडे आणलं तर? ते म्हणाले, "आईला विचारावं लागेल." माणूस चांगला होता. पण प्रत्येक गोष्टीला त्यांचं हेच उत्तर असायचं. आणि मी आत्याबाईंना विचारलं नाही. त्या एकदा नाही म्हणाल्या असत्या तर पुन्हा विचारायची सोय उरली नसती. विचारलं नाही तोवर आशा होती. बाजरीची काढणी झाली, खळं केलं, बैल फिरायला लागले, आणि मी भाकऱ्या थापताना, कणसं मोडताना एकच घोकत होते, की त्याला इकडे आणायचं कसं.

अपंग मुलाला आईबाप पुरत नाहीत. ते अर्ध्या वाटेपर्यंत येतात. पुढची वाट भावंडांची असते, आणि ती चालशील का असं कोणी विचारत नाही. लहानपणापासून ती तुमच्याच पायाखाली असते. मी नवरीच्या वेशात गाडीत बसले तेव्हाही आईने माझ्या कानात संसाराचं काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "त्याला इसरू नगं." मी कुठली विसरते. पण आठवण ठेवून त्याचं पोट भरत नव्हतं, आणि मला नुसती आठवण ठेवता येत होती.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तो आला. आम्ही अंगणात बाजरी पाखडत होतो. या खेपेला गाडी नव्हती, चालत आला होता, गुडघ्यापर्यंत धूळ. वाळला होता. डोक्याला तोच गुलाबी पटका होता, पण वाकडातिकडा, एका कानावर उतरलेला. दरवर्षी तो आई बांधायची. या वर्षी त्याने स्वतः बांधला होता. ते पाहून मला हातातलं सूप खाली ठेवावं लागलं.

आत्याबाईंनी पाणी घातलं. त्यांनीही तो पटका पाहिला असावा. त्यांनी जेवू घातलं, पण काय काम काढलं असं विचारलं नाही, सुगीचं कारण काढलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "गोदे, लुगडी बांध. पोरगं एवढं चालत आलंय." मी आत गेले, दोन लुगडी बांधली आणि बाहेर आले. भिवाला खूण केली, चल.

तो उठला नाही. माझ्याकडे पाहून हसला, वेणी ओढली, मान डोलावली, म्हणजे तू तर येच. मग माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत त्याने कपाळाला अंगठा लावला. तिलाही बोलाव. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला समजत नाही असं वाटून त्याने गाठोडं सोडलं. आत खण नव्हता. आईचं लुगडं होतं, धुतलेलं, त्याला जमली तशी घडी घातलेलं, आणि तिच्या वहाणा.

तेव्हा मला कळलं, माळ्याखाली मी त्याला काय सांगितलं होतं ते. त्याच्या भाषेत मेलेलं माणूस वेगळं आणि गेलेलं माणूस वेगळं. ताई गेली ती इथे आली. आई गेली म्हणजे ती तरी दुसरीकडे कुठे जाणार? आणि गेलेल्या माणसाला दिवाळीला कोणीतरी न्यायला यावं लागतं, आपलं आपण येता येत नाही. म्हणून तो रडला नव्हता. तो दिवाळीची वाट पाहत होता.

"काय म्हनतोय?" आत्याबाईंनी विचारलं.

"आईला न्यायला आलाय," मी म्हटलं.

त्यांचं सूप थांबलं. खळ्यावर बैलांमागे मास्तर होते, तेही थांबले. आता सांगायला मीच होते. दुसऱ्या कोणाला ती भाषा येत नव्हती. मी त्याच्यासमोर बसले, कपाळाला अंगठा लावला, डोळे मिटले आणि मान खांद्यावर टाकली. डोळे मिटलेले, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग माझ्या गालांना त्याचे हात लागले. त्याने माझी मान धरून सरळ केली, आई त्याची करायची तशी. तसं करू नको.

मी पुन्हा मान टाकली. त्याने पुन्हा सरळ केली, या वेळी जरा जोराने. मी तिसऱ्यांदा टाकली. हात आले नाहीत. डोळे उघडले तर तो लुगड्याकडे पाहत होता. मग त्याने तो आवाज काढला, माळ्यावरचा. खळ्यावर दाणे टिपायला बसलेल्या चिमण्या उडाल्या. तो ओरडत राहिला, मी त्याला धरून बसले, आणि आत्याबाई सूप मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. कोणी त्याला गप्प केलं नाही.

त्या दिवशी आम्ही निघालो नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तो ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी भाकरी न्यायची, तो अर्धी खायचा. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर तो खळ्यावर होता. मास्तरांच्या हातातला चाबूक घेऊन बैलांमागे फिरत होता. कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तात्या आले. ज्वारी वर येत होती आणि राखणीला माणूस हवा होता. ते ओसरीत बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "मुक्याला न्यायला आलोय." मी चुलीपाशी होते. हातातलं पीठ तसंच राहिलं. मास्तर खाली बघायला लागले. हे सगळं इथेच संपणार होतं, एका वाक्यात, आणि मी तोंड उघडलं तर सासूसमोर सून बोलली असं होणार होतं. तरी मी उठले.

मी बाहेर पडायच्या आत आत्याबाई बोलल्या. "कसं न्यायचं? मुराळी हाय त्यो. बहिनीला घेतल्याबिगर कसा जाईल?"

तात्या म्हणाले, "मंग धाडा की पोरीला."

"धाडायची न्हाई. सुगी पडलीय."

"सुगी सरल्यावं?"

"मंग ज्वारीची खुरपनी हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या. "आमाला सून धाडायची न्हाई, आन मुराळ्याला रिकामं धाडायचं न्हाई. त्ये पाप म्या घेनार न्हाई."

तात्या हाताची घडी घालून उभे राहिले. मग त्यांनाही कळलं. पाणी न पिता गेले. आमच्या वाटणीचं रान त्यांच्याकडे राहिलं, त्याचं पुढे कोणी नाव काढलं नाही.

ते गेल्यावर आत्याबाईंनी मला हाक मारली. वर न बघता म्हणाल्या, "आता तुला म्हायेर न्हाई बग, गोदे. तुला धाडलं तर ह्याला बी धाडावं लागंल. चाललं का?" मी म्हटलं, चालेल. चालेल हा शब्द सोपा असतो. त्यानंतर मी घाट ओलांडला नाही. ते टेकाड, वाटेवरची ती वाकडी बाभळ, आईची चूल, मी पुन्हा काही पाहिलं नाही. मला वाईट वाटायचं. पंचमी-दिवाळीला शेजारच्या सुना नटून मुराळ्यांबरोबर निघाल्या की फार वाईट वाटायचं, आणि कधी कधी भिवाचा रागही यायचा. तो समोर बैलांना वैरण टाकत असायचा. त्याला माझा राग लगेच कळायचा. मग तो उगाच माझी वेणी ओढल्याची खूण करायचा, केस पिकले तरी.

दर दिवाळीला आत्याबाई त्याला पटका बांधायला लावायच्या. त्याला दारातून आत आणायच्या, पायावर पाणी घालायच्या, गोडाचं वाढायच्या आणि विचारायच्या, "काय पाव्हनं, काय काम काढलं?" तो वेणी ओढायचा, पटक्याभोवती बोट फिरवायचा. आत्याबाई म्हणायच्या, "न्हाई धाडायची," आणि तळहात आडवा हलवायच्या. नाहीची खूण त्यांनी एव्हाना शिकून घेतली होती. भिवा हसायचा, पटका सोडून खुंटीला लावायचा आणि कामाला जायचा. असं त्याचं राहणं आणखी एक वर्ष वाढायचं. आत्याबाई गेल्या तेव्हा त्याने मान टाकून दाखवली नाही. मीही दाखवली नाही. आम्ही दोघांनी त्यांना खांद्यावरून जाताना पाहिलं होतं, सांगायचं काही नव्हतं. त्यानंतरच्या दिवाळ्यांना पाणी मी घालायची, नाही मी म्हणायची.

भिवाही गेला, अशाच बाजरीच्या दिवसांत. छातीत कफ झाला होता, उठवत नव्हतं. मी उशाशी बसले होते, बाहेर ऊन होतं आणि कोणाच्या तरी खळ्यावरून भूस उडत होतं. त्याने छातीवर हात ठेवला, म्हणजे तो स्वतः. माझा जीव घाबरला. आता हा डोळे मिटून मान टाकणार, आणि माझे हात ती सरळ करायला आधीच पुढे झाले होते. त्याने मान टाकली नाही. तळहात उचलला, हळूहळू पुढे नेला आणि टेकाडापलीकडे उतरवला. मग माझ्याकडे बोट केलं, आणि तेच बोट डोक्याभोवती फिरवायला लागला. अर्ध्यातच हात खाली आला. पण मला कळलं.

बाई कधी मुराळी होत नाही. तरी मी त्याला मान डोलावून हो म्हटलं आहे. परवा मी पेटीतला पटका काढून धुतला आणि उन्हात घातला. सून म्हणाली, "मामांचा आहे ना? आता कोणाला लागणार आहे, देऊन टाकू या का कोणाला?" मी म्हटलं, राहू दे, मला एका ठिकाणी न्यायला जायचंय.